क्रूझवर निघण्यापूर्वी प्रवास विम्याची पॉलिसी कशी वाचावी

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातील अनेक देशांसाठी चालणाऱ्या सामाईक व्हिसाचा, अर्ज करताना किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारी विमा पॉलिसी जोडावी लागते, आणि बहुतेक घरांत प्रवास विम्याचा विषय त्या फायलीबरोबरच मिटतो. वास्तविक ती अट युरोपीय देशांनी स्वतःच्या सोयीसाठी घातलेली आहे. परदेशी पाहुणा तिथे आजारी पडला, दवाखान्यात दाखल झाला किंवा दगावला, तर त्याचे बिल त्यांच्या गळ्यात पडू नये, एवढाच तिचा हेतू आहे. तुमचे जहाज बंदरातून सुटून गेले, वादळामुळे एखादे बेट वगळले गेले किंवा भर समुद्रात रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले, तर काय, याचे उत्तर त्या अटीत सापडत नाही. ते पॉलिसीच्या मूळ मजकुरात असते आणि तिथेच शोधावे लागते.

त्यासाठी तीन कागद समोर घ्यावेत. पहिला म्हणजे पॉलिसीचा संपूर्ण मजकूर. एजंट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो ते एका पानाचे प्रमाणपत्र नव्हे, तर व्याख्या आणि अपवाद असलेले चाळीस-पन्नास पानांचे पुस्तक. दुसरा म्हणजे जहाज कंपनीचा तिकीट करार, जो आरक्षण करताना आपण न वाचताच मान्य केलेला असतो. तिसरा म्हणजे बंदरांचे वेळापत्रक. मग घरापासून घरापर्यंतचा प्रवास टप्प्याटप्प्याने डोळ्यांसमोर आणावा आणि प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारावा: या ठिकाणी काही झाले, तर पॉलिसीतले कोणते कलम लागू होते? विमानात, धक्क्यावर, जहाजावर आणि किनाऱ्यावर या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी येतात, आणि पॉलिसी घेताना नेमकी हीच गोष्ट कोणी सांगत नाही.

जहाजावरचा दवाखाना

मोठ्या क्रूझ जहाजावर वैद्यकीय केंद्र असते. ते बहुधा खालच्या डेकवर असते, कारण तिथे हेलकावे कमी बसतात आणि रुग्णाला धक्क्यावर उतरवणे सोपे जाते. डॉक्टर, परिचारिका, ईसीजी, एक्स-रे, रक्ताच्या प्राथमिक तपासण्या, सलाईन आणि ऑक्सिजन यांची सोय तिथे असते. मोठी शस्त्रक्रिया तिथे होत नाही. रुग्णाला स्थिर करायचे आणि गरज असेल तर पुढच्या बंदरात उतरवायचे, हे त्या केंद्राचे काम. तिथे आपल्याकडच्यासारखे कॅशलेस कार्ड चालत नाही. बिल बहुधा डॉलरमध्ये किंवा युरोमध्ये केबिनच्या खात्यावर चढते आणि उतरताना कार्डाने भरावे लागते. विमा कंपनीकडून पैसे मिळायचे ते नंतर, कागद सादर केल्यावर.

माझ्या सासूबाईंना एका क्रूझवर उलट्या आणि जुलाब सुरू झाले, तेव्हा त्यांना त्या केंद्रात रात्रभर ठेवले होते. सकाळी हाती आलेल्या बिलात डॉक्टरांची तपासणी, रात्रीच्या वेळेचा वेगळा आकार, दोन इंजेक्शने, सलाईनच्या बाटल्या आणि निरीक्षणाखाली ठेवल्याचे तास अशा ओळी होत्या. परत आल्यावर दावा केला, तेव्हा विमा कंपनीने रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड मागितले. जहाजाने तसे काही दिलेले नव्हते, कारण त्यांच्या लेखी ती बाह्यरुग्ण तपासणी होती. पत्रव्यवहारात अडीच महिने गेले. शेवटी पैसे मिळाले ते बाह्यरुग्ण उपचारांच्या छोट्या मर्यादेतून, वजावट, म्हणजे प्रत्येक दाव्यात आपणच सोसायची ठरावीक रक्कम, कापून.

अडचण कुठे होती, ते व्याख्येच्या पानावर दिसते. भारतीय आरोग्य विम्यात ‘रुग्णालय’ म्हणजे काय, हे विमा नियामकाने ठरवून दिलेले आहे: दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या गावात किमान १० आणि इतरत्र किमान १५ खाटा, चोवीस तास पात्र डॉक्टर आणि परिचारिका, सुसज्ज शस्त्रक्रियागृह. जहाजावरचे केंद्र या मापात बसणे कठीण आहे. परदेश प्रवासाच्या पॉलिसीत त्या त्या देशाच्या कायद्यानुसार नोंदलेले रुग्णालय, अशी वेगळी व्याख्या असू शकते. पण जहाज पनामा, बहामा किंवा माल्टाच्या ध्वजाखाली फिरत असते आणि त्यावरचा दवाखाना कोणत्या देशात नोंदलेला आहे, हा प्रश्न तिथेही उरतोच. म्हणून पॉलिसी घेण्यापूर्वी विमा कंपनीला ईमेलने सरळ विचारावे: जहाजावरील वैद्यकीय केंद्रात झालेला खर्च देय आहे का, असल्यास तो आंतररुग्ण धरला जाईल की बाह्यरुग्ण, आणि त्याची मर्यादा किती? फोनवरच्या गोड होकाराचा पुढे काही उपयोग होत नाही. लेखी उत्तर आले की ते छापून पॉलिसीला जोडून ठेवावे.

वजावटीचा हिशेबही आधीच करून पाहावा. वजावट १०० डॉलर असेल आणि जहाजावरचे बिल १८० डॉलर झाले असेल, तर हाती ८० डॉलर येतात. बिल ९० डॉलरचे असेल, तर दावा करण्यात अर्थ नाही. आपल्याकडे ज्याला ‘बोट लागणे’ म्हणतात, त्याचा खर्च साधारणपणे याच खालच्या पट्टीत बसतो. त्यामुळे गोळ्या घरूनच न्याव्यात आणि विमा मोठ्या संकटासाठी राखून ठेवावा.

मोठे संकट म्हणजे रुग्णाला जहाजावरून हलवणे. पॉलिसीत याची दोन कलमे असतात आणि ती एकच समजण्याची चूक फार जण करतात. एक म्हणजे जहाजावरून जवळच्या योग्य रुग्णालयात नेण्याचा खर्च. दुसरे म्हणजे त्या रुग्णालयातून भारतात आणण्याचा खर्च. दोन्हींची रक्कम स्वतंत्र आहे की मुख्य वैद्यकीय रकमेतच धरलेली आहे, ते पाहावे. रकमेइतकीच महत्त्वाची आहे ती पूर्वसंमतीची अट: हलवण्याचा निर्णय विमा कंपनीच्या मदत केंद्राने मान्य केलेला असला पाहिजे, अन्यथा बिल नाकारले जाऊ शकते. हवाई रुग्णवाहिकेचा खर्च लाखो रुपयांत जातो; तो नाकारला गेला तर निवृत्तीची पुंजी हलते. म्हणून मदत केंद्राचा क्रमांक मोबाईलमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे ठेवावा, आणि नातेवाइकांपैकी भारतात राहणाऱ्या एकाला तो द्यावा. जहाजावरून फोन लागणे महाग आणि बेभरवशाचे असते. ठाण्यात बसलेल्या भाच्याचा फोन पटकन लागतो.

समुद्रातील बचावकार्य मात्र वेगळे. मार्च २०१९ मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ वादळात ‘व्हायकिंग स्काय’ या जहाजाची इंजिने बंद पडली आणि चारशेहून अधिक प्रवाशांना हेलिकॉप्टरने उचलून किनाऱ्यावर आणले गेले. अशी मोहीम सरकारी यंत्रणा राबवते आणि तिथे विमा कंपनीची परवानगी कोणी मागत बसत नाही. किनाऱ्यावर पाय टेकल्यानंतरचे उपचार, कपडे, हॉटेल आणि परतीचे तिकीट हा भाग विम्याचा.

रुग्ण उतरला की सोबतचा माणूसही उतरतो, हे हिशेबात धरलेच जात नाही. नेपल्समध्ये पती रुग्णालयात आणि जहाज पुढच्या बंदराकडे, अशा वेळी पत्नीचा हॉटेलचा खर्च, न वापरलेल्या रात्री आणि नवे विमान तिकीट कोण देणार? सहल अर्धवट सोडावी लागल्याचे कलम आणि सोबत्याच्या राहण्याचे कलम पॉलिसीत स्वतंत्रपणे शोधावे.

साठीच्या पुढच्या प्रवाशांनी आणखी एक तक्ता जरूर पाहावा. मुखपृष्ठावर एक लाख डॉलर लिहिलेले असले, तरी ज्येष्ठांसाठी काही पॉलिसींत आजारानुसार, अतिदक्षता विभागाच्या दिवसानुसार किंवा शस्त्रक्रियेनुसार उपमर्यादा असतात. आधीपासूनचे आजार बहुधा वगळलेले असतात, किंवा फक्त जीवावर बेतलेल्या प्रसंगी आणि ठरावीक रकमेपुरते धरलेले असतात. आपल्या घरांत ‘बीपीची एक गोळी चालू आहे, बाकी आजार काही नाही’ असे सहज म्हटले जाते. विमा कंपनीच्या भाषेत ती एक गोळी म्हणजेच आजार. प्रस्तावात ती लिहावी, शुगरची गोळीही लिहावी आणि दहा वर्षांपूर्वीची अँजिओप्लास्टीही लिहावी. हप्ता वाढेल, पण नाकारलेल्या दाव्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

नकाशा आणि पॉलिसी एकमेकांवर ठेवून पाहणे

पश्चिम भूमध्य समुद्रातील एखादी क्रूझ बार्सिलोना, मार्से, जिनोव्हा, नेपल्स, पालेर्मो करीत एक दिवस ट्युनिशियातील ला गुलेत बंदराला लागते. पहिली पाचही ठिकाणे शेंगेन क्षेत्रात आहेत; ट्युनिशिया नाही. फक्त शेंगेनसाठी घेतलेली पॉलिसी त्या एका दिवसाला लागू होतेच असे नाही, आणि ट्युनिसच्या बाजारात पाय मुरगळला की हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. ग्रीसहून निघून तुर्कस्तानातील कुशादासीला जाणाऱ्या क्रूझचेही तेच. जहाज ज्या ज्या देशाला लागते ते सर्व देश पॉलिसीच्या क्षेत्रात आहेत का, हे वेळापत्रकावर पेन्सिलीने खूण करून तपासावे, आणि एक तरी देश बाहेर राहिला तर जगभराची पॉलिसी घ्यावी. शेंगेनबाहेर जाऊन परत आत येण्यासाठी बहुप्रवेश व्हिसा लागतो, हेही त्याच वेळी पाहावे. व्हिसा नसल्यामुळे जहाजावर घेतले नाही, तर ते नुकसान जवळजवळ कोणतीच पॉलिसी भरून देत नाही.

अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आई-वडिलांना अलास्काच्या क्रूझवर नेण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. सिॲटलहून अलास्काला जाऊन परत येणारे परदेशी ध्वजाचे जहाज वाटेत कॅनडातील एखाद्या बंदराला लागतेच, कारण १८८६ च्या अमेरिकी कायद्यानुसार अशा जहाजाला फक्त अमेरिकी बंदरांमध्येच प्रवासी नेता येत नाहीत. त्यामुळे भारतीय पासपोर्ट असलेल्या आई-वडिलांना अमेरिकेच्या व्हिसाबरोबर कॅनडाचा व्हिसाही लागतो, आणि त्यांच्यासाठी घेतलेला पाहुण्यांचा विमा अमेरिकेबाहेर किती दिवस आणि किती रकमेपर्यंत चालतो, हे वेगळे पाहावे लागते. अमेरिकेतच स्थायिक झालेल्या आणि मेडिकेअरवर (ज्येष्ठांसाठीच्या तिथल्या सरकारी आरोग्य विम्यावर) असलेल्या मराठी ज्येष्ठांनी हे लक्षात ठेवावे, की मेडिकेअर जहाजावरील उपचारांचा खर्च देऊ शकते तो जहाज अमेरिकी बंदरात किंवा तिथून सहा तासांच्या आत असेल तेव्हाच.

जहाज थांबत नाही

विमान चुकले तर दुसरे मिळते. जहाज चुकले तर ते पुढच्या देशातच गाठावे लागते. मुंबईहून निघालेले विमान उशिरा सुटले, मधल्या विमानतळावरची जोडणी हुकली आणि बार्सिलोनाला पोहोचेपर्यंत जहाजावर चढायचा पूल (गँगवे) काढलेला असला, तर पॉलिसीतील ‘प्रवास चुकणे’ या कलमाचा आधार घ्यावा लागतो. त्यात दोन अटी तपासाव्यात. पहिली, उशीर किती तासांचा असला पाहिजे. सहा किंवा बारा तासांची अट असेल, तर चार तासांच्या उशिराने जहाज चुकले तरी काही मिळत नाही. दुसरी, दोन प्रवासांमध्ये तुम्ही किमान किती वेळ ठेवायला हवा होता. जहाज सुटण्याच्या दिवशीच विमानाने पोहोचणे ही काटकसर फसवी आहे. आदल्या दिवशी पोहोचून हॉटेलची एक रात्र भरणे हा कोणत्याही पॉलिसीपेक्षा चांगला विमा आहे.

किनाऱ्यावर फिरायला उतरल्यावरचा नियमही असाच कठोर आहे. जहाज कंपनीकडूनच घेतलेल्या सहलीची बस अडकली, तर जहाज सहसा थांबते किंवा कंपनी पुढे पोहोचवण्याची सोय करते. स्वतः टॅक्सी ठरवून रोम पाहायला गेलात आणि वाहतूक कोंडीत सापडलात, तर जबाबदारी तुमची, आणि अशा उशिरासाठी पॉलिसीत सहसा जागा नसते. स्नॉर्कलिंग, स्कूबा, जेट स्की यांचा साहसी खेळांच्या अपवादात समावेश आहे का, हे त्या सहलीचे पैसे भरण्यापूर्वी पाहावे. मद्यप्राशनानंतरच्या अपघाताचा अपवाद तर जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत असतो, आणि अमर्याद पेयांचे पॅकेज घेणाऱ्यांनी तो एकदा मोठ्याने वाचावा.

बंदरात पासपोर्ट हरवला, तर विमा नव्या कागदपत्रांचा खर्च देतो, ठरावीक मर्यादेत. पण भारतीय दूतावासाकडून मिळणारे आपत्कालीन प्रमाणपत्र हे भारतात परतण्यासाठी असते. त्यावर पुढची क्रूझ करता येत नाही. म्हणजे नुकसान पासपोर्टच्या शुल्काचे नसून उरलेल्या संपूर्ण सहलीचे असते, आणि ते दुसऱ्या कलमात शोधावे लागते.

बंदर वगळले गेले, केबिनमध्ये बसावे लागले

खराब हवामानामुळे कप्तानाने सॅन्तोरिनी वगळले, म्हणून परतावा मागणारे प्रवासी निराश होतात. मार्ग बदलण्याचा हक्क तिकीट करारात जहाजाने राखून ठेवलेला असतो, आणि हाती येते ते फार तर त्या बंदराचे शुल्क. साध्या प्रवास विम्यात यासाठी काही नसते. क्रूझसाठी वेगळे वाढीव संरक्षण घेतले असेल, तर वगळलेल्या बंदरामागे ठरावीक रक्कम मिळू शकते, मात्र बंदर वगळल्याचे जहाजाचे लेखी पत्र लागते. ते पत्र स्वागत कक्षातून उतरण्यापूर्वीच घ्यावे.

केबिनमध्ये विलग राहण्याची भरपाईही अशाच वाढीव संरक्षणात सापडते. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’वर ३,७११ माणसे अडकली होती, तेव्हापासून विमा कंपन्यांनी साथीच्या आजारांची कलमे काळजीपूर्वक लिहायला घेतली आहेत, आपल्या पॉलिसीत ती समावेशात आहेत की अपवादात, ते पाहावे. युद्धाचा अपवादही पाहावा. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर अनेक क्रूझचे मार्ग बदलले किंवा त्या रद्द झाल्या, आणि अशा कारणाला साधी पॉलिसी सहसा हात लावत नाही.

निघण्याआधीच रद्द करावे लागले तर

क्रूझचे रद्द शुल्क तारीख जवळ येईल तसे चढत जाते आणि शेवटच्या काही आठवड्यांत ते शंभर टक्क्यांपर्यंत पोहोचू शकते. म्हणून पॉलिसी निघण्याच्या आठवड्यात घेण्याऐवजी आरक्षणाची पहिली रक्कम भरली की लगेच घ्यावी. रद्द होण्याचे संरक्षण पॉलिसी घेतल्यानंतर उद्भवलेल्या कारणांनाच लागू होते. वादळाला नाव पडले की ते ज्ञात संकट झाले. त्यानंतर घेतलेली पॉलिसी त्याच्यासाठी उपयोगाची नाही. कॅरिबियन समुद्रात चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो, आणि त्या काळातील स्वस्त क्रूझ घेणाऱ्यांनी तर अजिबात थांबू नये.

रद्द करण्याची कारणे पॉलिसीत मोजून दिलेली असतात. साहेबांनी रजा नाकारली, मुलाची परीक्षा पुढे गेली, मन बदलले, ही कारणे त्यात नसतात. जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू असतो, पण ‘जवळचा’ कोण, ते व्याख्येत पाहावे. पती-पत्नी, मुले, आई-वडील, सासू-सासरे, भावंडे इथवर यादी जाते. ज्यांनी लहानाचे मोठे केले ते काका किंवा आत्या तिच्यात बहुधा सापडत नाहीत.

मुंबई–गोवा–लक्षद्वीप

मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणारी क्रूझ देशांतर्गत असते, त्यामुळे परदेश प्रवासाची पॉलिसी इथे चालत नाही. घरचे मेडिक्लेम आहेच, या समजुतीवर लोक निघतात. ते मडगावच्या किंवा कोचीच्या रुग्णालयात दाखल झाल्यावर कामाला येते. जहाजावरची तपासणी आणि औषधे मात्र त्यात सहसा बसत नाहीत, कारण मेडिक्लेममध्ये सहसा किमान २४ तास रुग्णालयात दाखल होण्याची अट असते. लक्षद्वीपमधून गंभीर रुग्णाला कोचीला हलवावे लागते, त्यामुळे हवाई रुग्णवाहिकेचा खर्च मेडिक्लेममध्ये आहे का आणि किती, ते पाहणे इथे सर्वांत महत्त्वाचे. दोन-तीन रात्रींसाठी देशांतर्गत प्रवास विमा घ्यायचा असेल, तर त्यात ‘समुद्रप्रवास’ हे शब्द आहेत याची खात्री करावी. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, गेल्यावर जहाज भारताच्या प्रादेशिक समुद्राबाहेर पडते, आणि ‘भारताच्या हद्दीत’ एवढेच लिहिलेल्या पॉलिसीचे तिथे काय होते, हा प्रश्न कंपनीला लेखीच विचारावा.

दाव्याची तयारी जहाजावरच

जहाजावरून उतरताना हातात असायला हव्यात अशा गोष्टी थोड्या आहेत, पण त्या नंतर मिळवणे अतिशय कठीण जाते. वैद्यकीय केंद्राचे सविस्तर बिल, डॉक्टरांची सही आणि निदान असलेली टिपणे, केबिन खात्याचा अंतिम हिशेब आणि कार्डाची पावती एकत्र ठेवावी. सामान विमानात हरवले असेल, तर विमानतळ सोडण्यापूर्वीच तक्रारीचा अहवाल घ्यावा. बंदरात चोरी झाली असेल, तर शक्यतो त्याच दिवशी पोलिसांकडे नोंद करावी, कारण जहाज संध्याकाळी निघून जाते आणि पोलीस ठाणे मागे राहते. विमानाचे बोर्डिंग पास घरी पोहोचेपर्यंत फेकू नयेत.

दावा नाकारला गेला किंवा रक्कम कमी दिली गेली, तर आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात त्यांची कार्यालये मुंबईत, ठाण्यात आणि पुण्यात आहेत. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत तिथे अर्ज करावा लागतो, शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या वादांचा निकाल तिथे होतो. अर्जासोबत पॉलिसी, दाव्याचे कागद आणि नकाराचे पत्र जोडावेच, आणि पॉलिसी घेण्यापूर्वी विमा कंपनीने ईमेलवर दिलेले ते उत्तर सर्वांत वर लावावे.